डाव्या हाताने लिहावे

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तेही या; भिंत कुठे जात नाही. आज जे सांगायचं आहे त्यात राजा नाही, राक्षस नाही, लढाई नाही. एक सेवा मंडळ आहे, त्याचे अकरा सभासद आहेत, एक लाकडी पेटी आहे आणि अकरा शहाण्यांनी मिळून घातलेला एक घोळ आहे. भोळ्यांना देव सांभाळतो म्हणतात. शहाण्यांचं तो काय करतो, ते ऐका.

घड्याळजींना मंडळाचं अध्यक्ष केलं, कारण निवडणुकीच्या सभेला ते आले नव्हते. पद अंगावर पडून महिना झाला नाही तोच मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. येत्या वर्षाची किमान पाच उद्दिष्टं ठरवून, सोबतचा तक्ता भरून, महिनाअखेरपर्यंत पाठवा. ज्या मंडळाचा तक्ता येणार नाही ते शेजारच्या मंडळात विलीन केलं जाईल. शेजारचं मंडळ म्हणजे पुलापलीकडचं. सभासद अडतीस, स्वतःचा हॉल, हॉलला पडदे. घड्याळजींच्या मंडळाकडे हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली होती आणि गेल्या तीन वर्षांतली कामगिरी म्हणजे बसथांब्यावरची दोन बाकं. त्या खोलीत एकतीस माजी अध्यक्षांच्या तसबिरी होत्या. बत्तिसावी आपली लागणार आणि तिच्यापुढे खिळाच मारावा लागणार नाही, हा विचार घड्याळजींच्या मनात शिरला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

उद्दिष्टं ठरवायला सभा घ्यावी, तर त्यात एक अडचण होती. मंडळाचा जुना शिरस्ता असा, की बोलेल तो करेल. सूचना ज्याच्या तोंडून निघाली, काम त्याच्या गळ्यात. पाच वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग स्कूलवाले सर सहज म्हणून गेले होते, "रस्त्याला चार झाडं असती तर बरं वाटलं असतं." झाडं चाळीस लागली, आणि सर आजही शिकाऊ गाडीत पाण्याचे कॅन घालून फिरतात. शिकणाऱ्याला गिअर टाकता येवो न येवो, झाडापाशी गाडी थांबवता येते. तेव्हापासून उद्दिष्टांच्या सभेत एवढी शांतता असते, की ध्यान शिकवणाऱ्यांनी येऊन बघावं.

"चिठ्ठ्या टाकायला सांगा," घड्याळजींची बायको म्हणाली. दोघं रात्रीचं जेवत होते. घड्याळजींच्या ताटाशेजारी रुमालावर एक मनगटी घड्याळ उघडं पडलेलं होतं, आणि घास घेता घेता त्यांचा एक डोळा भिंगाला होता.

"काय म्हणालीस?"

"चिठ्ठ्या. नाव न घालता. म्हणजे कुणाच्या गळ्यात काही पडणार नाही, आणि लोक लिहितील तरी."

"अगं, हेच माझ्या मनात होतं," घड्याळजी घड्याळाकडे बघत म्हणाले.

भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळाची लाकडी पेटी त्यांनी रिकामी केली, वर फट पाडली आणि पुढे कागद चिकटवला : "पुढच्या वर्षी काय व्हायला हवं? नाव लिहू नये." मग त्यांना सुचलं की अक्षरावरून माणूस ओळखू येतो. शहाणपणाला एकदा वाट सापडली की ते थांबत नाही. त्यांनी खाली तिसरी ओळ वाढवली : "डाव्या हाताने लिहावे."

पेटी ठेवायची कुठे? मंडळाच्या खोलीला कुलूप असतं. सगळ्यांचं येणं-जाणं असतं ते औषधवाल्यांच्या दुकानात. औषधवाले मंडळाचेच सभासद, पन्नाशीचे, एकटे. त्यांनी पेटी काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवली आणि सभासद येऊन चिठ्ठी टाकून जाऊ लागले.

आता एक गोष्ट तुमच्या कानात सांगतो, जी मंडळाला ठाऊक नव्हती. सोमवारी औषधवाल्यांकडे माल आला. ते आत खोकी मोजत बसले, आणि माल उतरवणाऱ्यांना पेटी पायात येत होती म्हणून त्यांनी ती उचलून बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकावर ठेवली. संध्याकाळी बिचाऱ्यांनी आठवणीने परत आत ठेवली. मधले आठ तास पेटी रस्त्यावर होती. औषधाच्या दुकानाबाहेर बसलेल्या माणसाला वेळ असतो आणि सांगण्यासारखं पुष्कळ असतं. त्यात समोर कुणी विचारतंय, पुढच्या वर्षी काय व्हायला हवं. डाव्या हाताने लिहायला सांगितलंय म्हणजे तोही काही उपचार असेल, असं समजून लोकांनी तेही पाळलं.

शनिवारी सभेत पेटी उघडली. अकरा सभासदांच्या सतरा चिठ्ठ्या निघाल्या.

"काहींनी दोन-दोन टाकल्या," घड्याळजी समाधानाने म्हणाले. "उत्साह आहे."

मंडळाच्या सचिव पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई होत्या. सगळे त्यांना पोस्टातल्या बाई म्हणत. आयुष्यभर लोकांची वाईट अक्षरं वाचण्यात गेल्यामुळे डाव्या हाताचं अक्षर त्यांना उजव्यासारखंच होतं. त्या एकेक चिठ्ठी वाचू लागल्या.

"बाकं रंगवावीत."

ही चिठ्ठी तेवढी छापल्यासारखी सुबक होती. सगळ्यांनी टेलरबाईंकडे पाहिलं. टेलरबाई डावखुऱ्या.

"झालं," टेलरबाई म्हणाल्या. "म्हणजे रंग मीच द्यायचा."

"पुढची. 'मला आठवड्यातून एकदा कुणी पेपर वाचून दाखवा. अक्षरं दिसत नाहीत. बातम्या वाईट असल्या तरी चालतील.'"

खोलीत चुळबुळ झाली. अकरा जणांनी एकमेकांच्या चष्म्यांकडे पाहिलं.

"पुढची. 'मला पोहायला शिकायचं आहे. वय एकसष्ट. हसू नये.'"

कुणी हसलं नाही. मंडळात एकसष्ट वयाची एकच व्यक्ती होती आणि तीच वाचत होती.

"माझ्याकडे काय बघताय?" पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "मी बादलीतलं पाणीसुद्धा लांबून घेते."

"नाही, नाही, नावाचा प्रश्नच नाही," घड्याळजी घाईने म्हणाले. "ज्याने कुणी लिहिलंय, त्याच्या धैर्याला मंडळाचा नमस्कार." आणि त्यांनी नमस्कार केला, तो नेमका बाईंच्या दिशेने झाला.

"पुढची वाचते. 'सासूबाईंना कुणी दोन तास बाहेर न्या. कुठेही चालेल. परत मात्र आणा.'"

मंडळात सासू असलेली एकटी टेलरबाई.

"ही माझी नव्हे हं," त्या म्हणाल्या. "माझं अक्षर आत्ता बघितलंत ना?"

"तेच ना," ड्रायव्हिंगवाले सर हळूच म्हणाले. "पहिली डाव्या हाताने लिहिली असेल, दुसरी उजव्या."

तर्क बिनतोड होता.

पंख्याची एक चिठ्ठी निघाली, रस्त्याच्या दिव्याची एक निघाली, आणि मग पोस्टातल्या बाई एका चिठ्ठीपाशी थांबल्या. त्यांनी चष्मा पुसला.

"'जेवायला समोर कुणी नसतं.' एवढंच आहे."

हळूहळू, वाऱ्याने कणसं एका बाजूला झुकावीत तशा सगळ्यांच्या माना औषधवाल्यांकडे वळल्या. औषधवाल्यांनी नुकताच एक पेढ्याएवढा खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला होता. त्यांनी तो जागच्या जागी थांबवला.

सभा संपली तेव्हा एकही उद्दिष्ट ठरलं नव्हतं. पण प्रत्येक जण एक गुपित घेऊन घरी गेला. आपला सोबती आतून इतका पोळलेला आहे आणि आपल्याला पत्ता नाही, याची प्रत्येकाला शरम वाटली. तोंडावर विचारणं शक्य नव्हतं, कारण नाव लिहू नये असा नियम होता. तेव्हा न विचारता करायचं, असं अकराही जणांनी आपापलं ठरवलं. सेवेची सवय अशी वाईट.

सोमवारी पोस्टातल्या बाईंच्या दाराच्या कडीला कुणीतरी पोहण्याची टोपी अडकवून गेलं. मंगळवारी दुसरी आली, निळी. बुधवारी तरण तलावाच्या वेळांचा कागद आला, त्यात महिलांच्या तासावर लाल खूण होती. गुरुवारी बाई तिन्ही वस्तू घेऊन घड्याळजींच्या दुकानात आल्या.

"मंडळाला माझं काही जड झालंय का?"

"काय बोलता बाई."

"मग मला पाण्यात का ढकलताय?"

त्यांना समजावून पाठवतात न पाठवतात तोच एक ठेंगण्या आजी दुकानाची पायरी चढून आल्या. हातात पिशवी, पायात बाहेरच्या चपला, केस चापूनचोपून बांधलेले.

"तुम्हीच का अध्यक्ष?"

"हो. काय बंद पडलंय?"

"काही नाही. मी ती सासू."

घड्याळजींच्या हातातला चिमटा खाली पडला. टेलरबाईंनी घरी आपलं गाऱ्हाणं सांगितलं होतं, आणि ते योग्य ठिकाणी पोचलं होतं.

"आजी, तुमच्या सुनेने ते लिहिलेलंच नाही, असं ती म्हणते."

"लिहिलं असो की नसो. दोन तास म्हणे. कुठे न्यायचं ठरलंय?"

"अजून उद्दिष्ट मंजूर व्हायचंय."

"मंजूर होईपर्यंत मी टिकायला नको का?" आजी स्टुलावर बसल्या. "सहा वर्षं झाली मला, दवाखाना सोडून कुठे नेलं नाही कुणी. आणि दवाखान्यातसुद्धा आतलं काही दाखवत नाहीत. नुसतं बाकावर बसवतात."

घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावलं. दोन तास आजींना कुठे न्यायचं हे न सुचल्यामुळे त्यांनी ड्रायव्हिंगवाल्या सरांना गाठलं, आणि सरांनी आजींना शिकाऊ गाडीच्या मागच्या सीटवर बसवून चाळीस झाडं दाखवली. पुढे एक घाबरलेला विद्यार्थी गाडी चालवत होता. आजी त्याला म्हणाल्या, "घाई करू नकोस रे बाबा. मला दोन तास आहेत." त्या दिवशी त्याच्या हातून गाडी एकदाही बंद पडली नाही. शुक्रवारी आजी आपण होऊन स्कूलच्या दारात उभ्या होत्या. शनिवारी सोबत शेजारची एक म्हातारी घेऊन आल्या.

पण खरा कहर औषधवाल्यांचा झाला. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांना जेवायला बोलावणी येऊ लागली. सकाळी टेलरबाईंकडे, दुपारी सरांकडे. सगळे त्यांच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसत आणि त्यांच्या घासाकडे मायेने बघत. रात्रीची जबाबदारी अध्यक्ष या नात्याने घड्याळजींनी स्वतःकडे घेतली. संध्याकाळ झाली की ते डबा घेऊन निघत.

"तुझं जेवून घे," ते बायकोला सांगत. "एका एकट्या माणसाला सोबत द्यायची आहे. त्याच्या समोर जेवायला कुणी नसतं, विचार कर."

"करते," बायको म्हणाली, आणि डब्याला झाकण लावून दिलं.

असं नऊ दिवस चाललं. औषधवाल्यांचं वजन वाढलं, झोप उडाली, आणि पित्ताच्या गोळ्यांची आख्खी पट्टी त्यांनी स्वतःच्याच दुकानातून संपवली. नवव्या रात्री त्यांनी ताट सरकवलं.

"अध्यक्ष, खरं सांगा. मला काय झालंय?"

"तुम्हाला? कुठे काय?"

"मी औषधं विकतो. माणूस जाणार असला की घरचे कसे गोड बोलतात, ते मी रोज काउंटरवरून ऐकतो. परवा टेलरबाईंनी माझ्या शर्टाचं बटण न सांगता लावून दिलं. काल सर मला रस्ता ओलांडायला हात द्यायला आले. मी घाबरून सगळ्या तपासण्या करून घेतल्या, तर त्यात काही नाही. म्हणजे रोग असा आहे, की तपासणीत दिसत नाही आणि सगळ्या गावाला ठाऊक आहे."

घड्याळजींना आता लपवणं जमेना. त्यांनी चिठ्ठीचं सांगितलं.

"ती मी लिहिली?"

"संकोच करू नका."

"अहो, जेवताना समोर कुणी असलं की माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून तर मी लग्नच केलं नाही." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "नऊ दिवस मी तुमच्या सगळ्यांकडे बघत जेवतोय. मला वाटलं, तुम्हाला सोबत हवी आहे."

घड्याळजी भरला डबा घेऊन घरी परतले. दुसऱ्या दिवशी महिना संपत होता, तक्ता सकाळी टपालात पडायला हवा होता, आणि तक्त्यावर बाकांच्या रंगाखेरीज एक ओळ नव्हती. बायकोने नुकतंच पान वाढून घेतलं होतं. तिने त्यांचंही वाढलं. घड्याळजींनी ताटाशेजारी तक्ता पसरला, डोळ्याला भिंग लावलं आणि बारीक अक्षरांतले रकाने वाचू लागले. उद्दिष्ट. लाभार्थींची संख्या. जबाबदार सभासद.

"औषधवाले नव्हेत," ते तक्त्याकडे बघत म्हणाले. "मग जेवणाची ती चिठ्ठी कुणाची? अकरा जणांत एकटा जेवणारा दुसरा कुणी नाही."

"माझी," बायको म्हणाली.

घड्याळजींनी एक ओळ आणखी वाचली आणि मग मान वर केली.

"तुझी कशी असेल? तू सभासद नाहीस."

"पेटीवर सभासद असं लिहिलं नव्हतं. बाहेर बाकावर होती. तुमच्याच पित्ताच्या गोळ्या आणायला गेले होते. बसायला जागा व्हावी म्हणून मांडीवर घेतली, वाचली, लिहिलं. माझ्या आधी एक आजोबा लिहीत होते आणि माझ्यानंतर एक बाई, सासूला शेजारच्या डॉक्टरांकडे आत पाठवून."

म्हणजे गाव. म्हणजे सतरातल्या सहा चिठ्ठ्या गावाच्या. घड्याळजींच्या डोक्यातलं सगळं यंत्र एकदम चालू झालं. बाईंच्या टोप्या, टेलरबाईंचा अपमान, औषधवाल्यांच्या तपासण्या, सगळे दाते एकमेकांत बसले. पण एक दाता बसेना.

"पेटी ठेवली तेव्हा तर मी औषधवाल्यांकडे जात नव्हतो. रोज घरीच जेवत होतो. तुझ्या समोर."

"हो," बायको म्हणाली. "रोज असता."

तिने ते काही रागाने म्हटलं नाही. आमटी वाढते आहे अशा बेताने म्हटलं. घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. डोळ्याला भिंग होतं, त्यामुळे एका डोळ्याला ती फार मोठी दिसली आणि दुसऱ्याला पाण्यातून दिसावी तशी. त्यांनी भिंग काढलं. आणखी काय करायचं हे न सुचून त्यांनी तक्ता उचलून पाठीमागच्या खुर्चीवर ठेवला, आणि मग कोपरापाशी पडलेलं एक उघडं घड्याळही.

"तक्ता भरायचाय ना?" बायको म्हणाली.

"जेवण झाल्यावर."

जेवताना बोलण्याची सवय मोडलेली होती. दोघांनाही विषय सुचेना. शेवटी बायकोनेच विचारलं, औषधवाल्यांनी लग्न का केलं नाही, ते. घड्याळजींनी सांगितलं. बायकोला इतकं हसू आलं, की तिला भांडं खाली ठेवावं लागलं. घड्याळजींना वाटलं, हिला हसताना आपण कधी पाहिलं होतं बरं. आणि साल काही आठवेना.

सकाळी तक्ता टपालात पडला. बाकांना रंग : जबाबदार, टेलरबाई. वृद्धांना दोन तास बाहेर नेणं : जबाबदार, ड्रायव्हिंगवाले सर आणि आजी. पेपर वाचून दाखवणं : जबाबदार, पोस्टातल्या बाई, माणूस सापडेपर्यंत पेटी पुन्हा बाकावर ठेवावी. पोहायला शिकवणं : दोन टोप्या तयार आहेत, एकसष्ट वर्षांचा लाभार्थी शोधणं चालू. पाचवं उद्दिष्ट घड्याळजींनी स्वतःच्या उजव्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिलं. जेवताना समोर असणं. लाभार्थींची संख्या : एक. जबाबदार सभासद : अध्यक्ष.

तीन आठवड्यांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. आपली उद्दिष्टं आकाराने लहान आहेत, विशेषतः पाचवं, त्याचा खुलासा कळवावा. परंतु तक्ता वेळेत मिळाला. पुलापलीकडच्या मंडळाचा तक्ता आलाच नाही. त्यांच्या सभेत कुणी काहीच बोललं नाही, असं कळतं. सबब ते मंडळ, अडतीस सभासद, हॉल आणि पडद्यांसह, आपल्या मंडळात विलीन करण्यात येत आहे.

"अडतीस," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "त्यात कुणी एकसष्टचं आहे का, आधी बघा."

सोबत दरमहा प्रगती कळवण्याचा एक कागद होता. चार उद्दिष्टांची प्रगती घड्याळजींनी दुकानातच लिहिली. पाचव्याची लिहिता येईना, म्हणून कागद घरी आणला, आणि जेवण होईपर्यंत घडी घालून खिशात ठेवला.

"पाचव्यापुढे काय लिहू?" त्यांनी हात धुतल्यावर विचारलं.

बायकोने विचार केला. "लिहा, काल भाजीत मीठ कमी होतं, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं."

"ही प्रगती?"

"बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं तुम्हाला."

घड्याळजींनी तसं लिहिलं, आणि मुख्य कार्यालयाने ते तसंच दप्तरी लावलं.

झालं, एवढंच सांगायचं होतं. आता उठाल, घरी जाल, पानावर बसाल. पहिला घास उचलण्याआधी घड्याळजींच्या बायकोची आठवण ठेवा, एवढं माझं मागणं आहे. आणि आठवण झाली की एकदा मान वर करून समोर बघा.